दुसरा शनिवार, चौथा शनिवार

"मॅडम, महिन्यातून दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा भांडतो. आमचं काही खरं नाही का?"

लातुरात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी नवरा विचारतो, कधी बायको, कधी लग्न ठरलेली मुलगी. कारण उघड आहे. आपल्याकडे एक नोकरी इथली आणि एक पुण्याची, अशी घरं आता गल्लोगल्ली सापडतात. जिल्हा परिषदेची शाळा, बँक, दवाखाना, महावितरण इकडे. हिंजवडी, खराडी, चाकण तिकडे. शुक्रवारी रात्री नऊनंतर शिवाजी चौकाच्या आसपास जरा वेळ उभं राहिलं तर पाठीला सॅक आणि हातात डब्याची पिशवी घेऊन ट्रॅव्हल्सची वाट बघणारी तरुण मंडळी दिसतात. त्यातली बरीचशी कुणाला तरी भेटायला निघालेली असतात.

ऊसतोडीला जाणारं जोडपं निदान सोबत जातं. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, एक कोयता म्हणून. फडावरच्या कोपीतले ते सहा महिने सुखाचे असतात असं कुणी समजू नये. पण शिकलेल्या, पगारी जोडप्याची जी ताटातूट होते ती आपल्याकडे कुणी हिशेबातच धरत नाही. "दोघांना नोकरी आहे, अजून काय पाहिजे?" म्हटलं की विषय संपतो.

आता जिची गोष्ट सांगणार आहे तिची आणि तिच्या नवऱ्याची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं दिलेली नाहीत.

ती सरकारी बँकेत अधिकारी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. लातुरात सासू-सासऱ्यांजवळ राहते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पुण्यात वाकडला वन बीएचके भाड्याने घेऊन राहतो. त्याला दर शनिवार-रविवार सुट्टी, तिला नाही. १ सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीचे शनिवार पूर्ण दिवस काम. त्यामुळे त्यांच्या संसाराचं कॅलेंडर रिझर्व्ह बँकेनं आखून दिल्यासारखं झालेलं. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, त्या वेळी चौथ्या शनिवारपासून पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत तीन आठवड्यांचा खंड. तो महिना तिला आधीपासूनच नकोसा वाटायचा.

शुक्रवारी शाखा बंद करून घरी यायचं, सगळ्यांच्या जेवणाचं उरकायचं, दहाची ट्रॅव्हल्स धरायची. मुरूड, बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर. पहाटे साडेपाचला वाकड. एसटीला बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, तरी झोपायला मिळतं म्हणून ती स्लीपर घ्यायची. झोप मात्र लागायची नाही. टेंभुर्णीच्या ढाब्यावर गाडी थांबली की आईचा मेसेज यायचा, कुठपर्यंत आलीस?

"इतकं करून जाते मॅडम, आणि अकरा वाजेपर्यंत आम्ही भांडायलोत. मग वाटतं, फोनवर बोलतो तोच नवरा बरा."

फोनवरचा नवरा बरा वाटणं ही काही तिची एकटीची गंमत नाही. जियांग आणि हॅन्कॉक या दोन संशोधकांनी २०१३ साली दूर राहणाऱ्या आणि जवळ राहणाऱ्या जोडप्यांची तुलना केली होती. दूरची जोडपी एकमेकांशी मनातलं जास्त बोलतात आणि समोरच्याला आहे त्याहून जरा चांगलंही समजतात, असं त्यांना दिसलं. सोपं आहे, फोनवर कुणाचा ओला टॉवेल गादीवर पडलेला नसतो. पण हा सगळा चांगुलपणा घेऊन माणूस पहाटे साडेपाचला वाकडच्या पुलाखाली उतरतो आणि समोर टॉवेलसकट नवरा उभा असतो.

मी तिला पुढच्या भेटीसाठी एकच काम दिलं. भांडण सुरू झालं की घड्याळ बघायचं. विषय लिहायचा नाही, कोण चुकलं तेही नाही. फक्त वाजले किती, झोप किती झाली आणि पोटात शेवटचं काय गेलं.

तिनं ते बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपच्या कोऱ्या बाजूला लिहून आणलं. आकडे नीट एकाखाली एक, बँकेतल्या माणसाला शोभतील असे. शनिवार ११.१०, झोप दीड तास, एक चहा. रविवार साडेचार, झोप बरी, जेवण दोनला. त्याच्या खाली पुढची भेट: शनिवार १०.५०, झोप जवळजवळ नाही, चहा आणि दोन बिस्किटं. रविवार पाचच्या सुमारास.

स्लिप माझ्यापुढे ठेवून ती स्वतःच म्हणाली, "हे तर वेळापत्रकच झालं."

आधी शनिवारचं बघू, कारण तो तसा सोपा होता. तो तिला बाईकवर घेऊन यायचा, चहा व्हायचा आणि तो पुन्हा झोपायचा. आठवडाभर रात्री उशिरापर्यंत परदेशातल्या लोकांबरोबर त्याच्या मीटिंगा चालायच्या, शनिवारची सकाळ त्याच्यासाठी झोपेची. तिला झोप यायची नाही. मग ती ओट्याकडे वळायची. ओटा चिकट, गॅसच्या शेगडीखाली कधी काळी उतू गेलेलं दूध. फ्रीज उघडला तर बाहेरून मागवलेल्या बिर्याणीचा अर्धा डबा, आणि त्याच्यामागे तिनं मागच्या वेळी आणलेला येसराचा डबा. सासूबाईंनी ज्वारी, हरभराडाळ, धणे, खोबरं आमटीसाठी भाजून, दळून दिलेला. झाकणावर तिनं लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी. फोडलेलाच नाही.

त्या चिकटपट्टीवरून जे भांडण झालं ते तिनं मला सविस्तर सांगितलं. सासूबाईंनी एवढं करून दिलं, मी तीनशे किलोमीटर मांडीवर घेऊन आले, आणि यांना बिर्याणी मागवायला होतं. त्यातून पुढे पैसे कसे उडतात, त्यातून पुढे मित्र, त्यातून पुढे लग्नाआधीच्या कसल्याशा गोष्टी.

नवऱ्याशी मी आधी व्हिडिओ कॉलवर बोलले. माणूस मवाळ, पण कातावलेला. "मॅडम, मी पंधरा दिवस वाट बघतो. आणि ती आली की पहिल्यांदा ओटा बघते. घरात बायको येत नाही, ऑडिट येतंय."

"आणि येसराचा डबा?"

तो जरा थांबला. "मी एकटा कशाला येसर करू? ती आल्यावर करू, भाकरीसोबत खाऊ, म्हणून ठेवला होता."

हे ऐकून सगळं गोड झालं असेल असं कुणाला वाटेल. पुढच्या वेळी दोघांना एकत्र घेतलं तेव्हा हे वाक्य मी त्याला तिच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. ती म्हणाली, "मग तसं सांगायला तोंड नव्हतं का?" तो म्हणाला, "तू बोलू दिलंस का?" आणि मोबाइलच्या पडद्यावरून आणि माझ्या टेबलावरून दोघांची जुंपली. गैरसमज निघाला म्हणून राग निघत नाही, त्याला वेळ लागतो. मी त्या वेळी मध्ये पडले नाही. घड्याळाकडे बोट दाखवलं. संध्याकाळचे सात वाजले होते, ती बँकेतून थेट आली होती, दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नव्हतं. दोघंही हसले, तेवढंच.

शनिवारसाठी आम्ही ठरवलं ते फार साधं होतं. बारा वाजेपर्यंत काहीही बोलायचं नाही. म्हणजे मुकं राहायचं नाही, पण घर, पैसा, आई, नोकरी यांतलं काही काढायचं नाही. उतरल्यावर आंघोळ, पोटभर नाश्ता आणि झोप, दोघांनी. तिला हे अजिबात पटलं नाही. "तीनशे किलोमीटर झोपायला जाऊ का?"

हो, झोपायलाच जा. रात्रभर गचके खाल्लेल्या माणसाकडून सकाळी सातला प्रेमाची अपेक्षा करणं हा त्या माणसावर अन्याय आहे. दुसरं म्हणजे, दोघांनाही मधल्या पंधरा दिवसांत एकट्यानं राहायची सवय झालेली असते. आपल्या वेळेला उठायचं, आपल्या मनानं चहा करायचा. दुसऱ्या माणसाच्या अस्तित्वाशी शरीर जुळवून घेतं त्याला काही तास जातात. ते तास भांडणात घालवायचे की झोपेत, एवढाच निवडीचा भाग.

ओट्याचं मात्र मी त्याला सांगितलं. शुक्रवारी रात्री ओटा आणि फ्रीज साफ करून ठेवायचा. तिच्यासाठी उपकार म्हणून नाही. ते घर दोघांचं आहे असं त्याचं म्हणणं असेल तर ती तिथे पाहुणी म्हणून येऊ नये आणि कामवाली म्हणूनही नाही.

आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली होती, ती मोडायला जास्त वेळ लागला. भेट म्हणजे काहीतरी खास झालंच पाहिजे. कधी लोणावळा, कधी सिंहगड, नाहीतर मॉल आणि सिनेमा, आणि त्याचे फोटो स्टेटसला. कारण इकडे सासूबाई, नणंद, शाखेतल्या मैत्रिणी स्टेटस बघतात. फोटोत हसायचं आणि परतताना गाडीत बसून तोंड फिरवायचं. मी त्यांना म्हटलं, एखाद्या भेटीत कुठेही जाऊ नका. भाजी आणा. बंद पडलेला मिक्सर दुरुस्तीला न्या. रोज एकत्र राहणारी जोडपी ज्या कामांना कंटाळतात तीच यांच्या वाट्याला आलेली नव्हती. मिक्सरच्या दुकानात पाऊण तास उभं राहिलो आणि पहिल्यांदा लग्न झाल्यासारखं वाटलं, असं तो नंतर म्हणाला. मला ते वाक्य जरा फिल्मी वाटलं, पण तिचा चेहरा बघून मी काही बोलले नाही.

एक विषय तिनं चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत काढला नाही आणि मी काढल्यावर खाली बघितलं. शनिवारची रात्र. पंधरा दिवसांनी भेटतोय म्हणजे संबंध झालेच पाहिजेत, हा दोघांवरचा ताण. तिला दमल्यावर नको वाटायचं आणि नाही म्हणायचीही भीती वाटायची, की पुन्हा पंधरा दिवस. त्याला वाटायचं आपण फक्त त्यासाठी बोलावतो असं तिला वाटेल, म्हणून तो लांब राहायचा, आणि त्याचा अर्थ ती वेगळाच लावायची. त्यात सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "पुण्याला जायलीस ना दर वेळी, मग?" ते "मग" काय ते कुणाला सांगावं लागत नाही.

इथे मी तिला डॉक्टरांकडे पाठवायच्या आधी साधं गणित दाखवलं. बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे साधारण पाच, एवढेच दिवस गर्भ राहण्याचे. स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. आता एखादीची पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल आणि भेट दर चौदा दिवसांनी, तर जी भेट चुकीच्या दिवसांत पडते ती महिनोन्महिने चुकीच्याच दिवसांत पडत राहते. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही तर वंध्यत्वाच्या तपासण्या करतात. महिन्यातून दोन रात्री भेटणाऱ्यांनी ते वर्ष तसंच मोजायचं नसतं. सासूबाईंना हे कसं सांगायचं? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं सांगायचं. त्याची आई आहे. त्यानं सांगितलं, फोनवर, बरंच अडखळत. त्यानंतर ते "मग" बंद झालं नाही, पण कमी झालं.

आता रविवार. माझ्या मते खरं दुखणं तिथे होतं.

रविवारी रात्री दहाला तिची परतीची गाडी. भांडण साडेचार-पाचला. विषय कुठलाही चालायचा, चार्जर कुठे ठेवला इथपासून. निघायच्या आधी होणारं भांडण पुष्कळांनी अनुभवलेलं असतं, पण त्याला काही क्रम आहे हे लक्षात येत नाही. अमेरिकेत कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी नौदलातल्या माणसांच्या बायकांबरोबर काम करून १९८७ साली लिहिलं होतं, की जहाज सुटायच्या आधीच्या दिवसांत नवरा-बायको एकमेकांपासून आतून लांब व्हायला लागतात, चिडचिड वाढते, किरकोळ कारणावरून वाद होतात. सोडून जाणं रडत सोसण्यापेक्षा रागात सोसणं सोपं असतं. त्यांनी लिहिलं ते महिनोन्महिने समुद्रावर जाणाऱ्यांबद्दल. आमच्या वाकडच्या जोडप्याचं सगळं चाळीस तासांत उरकत होतं, येणं, बावरणं, जवळ येणं आणि लांब होणं.

हे त्यांना सांगितल्यावर रविवारची धार जरा कमी झाली. चारला दोघं मिळून बाहेर चहाला जायला लागले. तो एकदा सरळ म्हणाला, "तू निघायलीस की मला राग येतो, तुझा नाही, असाच." बरं वाटलं ऐकून. तरीही दोन भेटींनंतर पुन्हा तेच. तेव्हा मला वाटलं, जाण्याचं दुःख तर आहेच, पण त्याच्याखाली अजून काहीतरी आहे जे रविवारी वर येतं. पुन्हा निघावं लागतंय, आणि का निघावं लागतंय याबद्दल कुणी बोलत नाही.

मी तिला एकटीला विचारलं, "बदलीचा अर्ज कधी टाकलास?"

सरकारी बँकांत विवाहित महिला कर्मचाऱ्यानं विनंती केली तर नवरा नोकरीला असेल त्या गावी किंवा शक्य तितक्या जवळ बदली द्यावी, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१४पासून आहेत. मागितली की लगेच मिळते असं नाही, जागा बघतात, वर्षं बघतात. पण मागता येते. बँकेतली असल्यानं तिला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ती बराच वेळ पर्सच्या चेनशी खेळत बसली. अर्ज टाकलाच नव्हता. आणि नवरा समजून चालला होता की अर्ज गेलाय, बँकच देईना. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण त्याच्या बोलण्यात आलं तेव्हा खोडूनही काढलं नव्हतं.

"का?"

"मॅडम, इथं माझी शाखा आहे. शेतकरी येतात, कर्जाचं कागद घेऊन, माझंच टेबल विचारतात. पुण्यात गेले की मी ह्यांच्या फ्लॅटवर राहायला गेलेली होईन. आणि तिकडं जाऊन पण असंच भांडलो तर? मग कुणावर ढकलायचं? आता निदान अंतरावर तरी ढकलतोय."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. मी तिला ते पुन्हा म्हणायला सांगितलं नाही. काही वाक्यं एकदाच बोलता येतात.

हे त्याला सांगायचं तिनंच ठरवलं, आणि रविवारी नाही एवढंच मी म्हटलं. तो येळवशीला गावाकडे येणार होता. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे सगळा गाव शेतात जातो. कडब्याची कोप करून पूजा करतात, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. पुण्या-मुंबईची माणसं दिवाळीला येणार नाहीत, येळवशीला येतात. तिनं रजा टाकली होती. पण शेतात पाहुणेरावळे पंक्तीनं बसलेले, आणि नवरा-बायको दिवसभर एकमेकांच्या दोन हातांवर असूनही वाढप सोडून काही बोलले नाहीत. आपल्याकडे नवरा घरी येतो तेव्हा तो आधी मुलगा असतो, मग भाऊ, मग पुतण्या, आणि रात्री अकराला उरला तर नवरा. त्यामुळे "तोच का येत नाही लातूरला?" या प्रश्नाला तिचं उत्तर असायचं, "आला तरी मला कुठं भेटतो?"

दुसऱ्या दिवशी ते दोघं माझ्याकडे आले आणि तिनं सांगितलं. मी भांडणाची तयारी ठेवली होती. तो भांडला नाही. "वर्षभर मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो की बँक बदली देईना," एवढंच म्हणाला, आणि त्या रात्रीच्या गाडीनं ठरल्यापेक्षा एक दिवस आधी गेला. पुढच्या दुसऱ्या शनिवारी ती पुण्याला गेली नाही. त्यानं ये म्हटलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "आता तर भांडण पण नाही मॅडम. हे चांगलं का?"

नाही, हे चांगलं नव्हतं. ते जोडपं मला सर्वांत जास्त काळजीचं वाटलं ते या तीन आठवड्यांत, आणि या तीन आठवड्यांत ते एकदाही भांडले नव्हते. म्हणून मी भांडणं मोजून नातं जोखत नाही. भांडण कशावर होतं आणि कशावर व्हायला पाहिजे होतं पण होत नाही, हे बघते.

मग आम्ही बुधवार धरला. बुधवारी रात्री साडेनऊला अर्धा तास फोन, व्हिडिओ नाही, फक्त आवाज, आणि त्यात एकच विषय: आपण कधी आणि कुठे एकत्र राहायचं. मुदत, पैसे, सासू-सासरे, तिची बढती, त्याची घरून काम करायची शक्यता. अर्धा तास झाला की थांबायचं, विषय अर्धा राहिला तरी. आणि शनिवार-रविवारी हा विषय बंद. पहिल्या बुधवारी दोघं सात मिनिटं बोलले. नंतर नंतर अर्धा तास पुरेना. चाळीस तासांच्या भेटीवर आख्ख्या आयुष्याचा निर्णय लादला की भेट मोडते. कामाच्या दिवशी, जेवून, आपापल्या खोलीत बसून तोच विषय बराच सुसह्य होतो. हे मी पुष्कळ जोडप्यांत पाहिलं आहे. दिवस बुधवारच हवा असं काही नाही.

अर्ज अजून गेलेला नाही. पण तो गेलेला नाही हे आता दोघांना माहीत आहे, आणि का ते पण. बढतीची परीक्षा देऊन मग टाकायचा असं सध्या ठरलंय. एकत्र राहायला लागलं की सगळं आपोआप मिटेल, या आशेला मी फार हवा देत नाही. स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या तरुण प्रेमी जोडप्यांबद्दल लिहिलं होतं: दुरून एकाच गावी आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोडपी तीन महिन्यांत मोडली. ती लग्न झालेली नव्हती आणि आपल्याकडची नव्हती, हा फरक धरायलाच हवा. तरी ती म्हणाली ते, "मग कुणावर ढकलायचं", त्यात होतंच. अंतर मिटल्यावर जे उरतं त्याची थोडी सवय आधीपासून केलेली बरी.

हे सगळं सांगितलं ते थकलेल्या, एकमेकांवर जीव असलेल्या माणसांच्या भांडणाबद्दल. भेटीच्या दिवसांची तुम्हाला भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, नको म्हटल्यावर ऐकलं जात नसेल, फोन तपासला जात असेल, पगाराचं कार्ड काढून घेतलं असेल, तर झोप आणि नाश्त्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, तातडीला ११२. नुसतं मन फार खचलं असेल, कुणाला सांगवत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ मराठीतही बोलतो, पैसे पडत नाहीत.

या दोघांनी आता आणखी एक केलंय. पाच शनिवारांच्या महिन्यात मधल्या एका शनिवारी तो लातूरला येतो. ती संध्याकाळपर्यंत शाखेत, तो घरी. ती आली की दोघं जेवायला बाहेर जातात, एकटे, आणि त्याच्या गाडीभाड्याचे पैसे दोघांच्या सामाईक खात्यातून. परवा तो फोनवर म्हणाला, "आता आई म्हणायलीय, तू बायकोसाठी येतोस, आमच्यासाठी नाही." मी विचारलं, आई हे साधारण किती वाजता म्हणतात? ते त्यानं अजून लिहायला घेतलेलं नाही.